आठ आण्यांचा उंबरा

बलिप्रतिपदेचा दिवस होता. रक्कम ठरली ती महिना साडेसात रुपये, आणि ठरवताना हजर होतो आम्ही तिघे: मी, माझी आई आणि जागा पाहायला आलेले ते. त्यांतले सात रुपये आमच्या लोणावळ्याच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांचे. उरलेले आठ आणे उंबऱ्याचे.

मी तेव्हा स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होतो आणि ते पार्सल ऑफिसात. मूळचे तळेगाव दाभाड्याचे, वय चाळिशीच्या जरा अलीकडे, अंगाने काटक, लग्न झालेले नाही. भाड्याने जागा पाहणारा माणूस छत गळते का, पाणी कुठून आणायचे, हे विचारतो. यांनी खोल्यांत डोकावूनही पाहिले नाही. दारापाशी उकिडवे बसले, खिशातून मोजपट्टी काढली आणि उंबऱ्याची रुंदी मोजली.

"आठ इंच," ते म्हणाले. "एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. मालक, जागा पसंत आहे. फक्त रोज सकाळी या उंबऱ्यावर पाय द्यायची मोकळीक पाहिजे. त्याचं वेगळं काय होईल ते सांगा."

आई आतून बाहेर आली. ती पवनेकाठच्या खेड्यातली. लोणावळ्यात तीस वर्षे काढूनही बोली तीच राहिली होती. "उंबऱ्यावर पाय?"

"हो मावशी. उजवा. जोरात."

"आमच्यात पोरंटोरंबी देत न्हाईत."

"तुमच्यातच काय, अख्ख्या मावळात कोणी देत नाही. माझं दुखणं तेच आहे."

त्यांनी नको म्हणावे म्हणून मी आठ आणे सांगितले. ते म्हणाले, "स्वस्त आहे," आणि पहिल्या महिन्याचे पैसे माझ्या हातावर ठेवले. आई त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाली, "उद्या कुनी चुलीत थुकायचं भाडं देतो म्हनला तर घेशील."

दुखणे काय होते ते सांगितले पाहिजे. तरुणपणी त्यांना रेल्वेने परदेशी पाठवले होते, आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धेत, पुरुषांच्या लांब उडीसाठी. हे खोटे नव्हते. स्टेशनातली जुनी माणसे त्यांना हार घालून बोटीकडे रवाना केल्याची आठवण सांगत. लांब उडीत जमिनीशी समतल अशी एक आठ इंच रुंद पांढरी लाकडी फळी पुरलेली असते. धावत यायचे, त्या फळीवर पाय मारायचा आणि पुढच्या वाळूत पडायचे. अंगठा फळीच्या पुढे गेला तर उडी बाद. पाय फळीच्या मागे पडला तर उडी धरतात, पण फीत लागते ती फळीच्या पुढच्या कडेपासून. मागे राहिलेले अंतर फुकट जाते.

ही गोष्ट ते बसून कधीच सांगत नसत. ओटीवरून उठायचे, धोतर खोचायचे आणि अंगणात उभे राहायचे.

"सहा उड्या, मालक. पहिल्या तीन सगळ्यांना, पुढच्या तीन पहिल्या सहा जणांना. मी सहावा होतो, म्हणून मला सहाही मिळाल्या. आणि सहाही वेळा पाय फळीच्या अलीकडे पडला. किती? वीतभर, कधी दीड वीत. आमचे मॅनेजर कडेला उभे राहून ओरडताहेत, फळी, फळी! मला दिसत नव्हती का? दुधासारखी पांढरी होती. धावताना ठरवायचो की आता घालतोच तिच्या छाताडात पाय. ऐन वेळेला पाय आपोआप आखडायचा. तिथला एक म्हातारा पंच होता. त्याने माझ्या पायाच्या खुणेपासून फीत धरली, स्वतःपुरती. आकडा बघितला, मला दाखवला आणि डोकं हलवलं. त्या दिवशी माझ्यापेक्षा लांब कोणी उडालेलं नव्हतं."

"मग पाय का नाही दिला?" मी पहिल्या खेपेला विचारले.

"ते मला तिथे कळलंच नाही. परतीच्या बोटीवर कळलं. बोटीच्या दाराला लोखंडाचा उंच उंबरा असतो, समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून. गोरे लोक त्याच्यावर बूट ठेवून ये-जा करायचे. मी मात्र दर वेळी पाय उचलून ओलांडत होतो. एके दिवशी चहा घेऊन बाहेर पडताना स्वतःच्या पायाकडे लक्ष गेलं. तिथेच थांबलो. चहा सांडला. मालक, मी सहा वेळा उंबरा ओलांडून आलो होतो."

फळीला ते तेव्हापासून उंबराच म्हणत.

मला कोणाचाही आकडा पुराव्याशिवाय मान्य करायची सवय नाही. खुणेपासून धरले तर सगळ्यांत लांब, हे सांगणारा म्हातारा पंच सात समुद्रांपलीकडे. म्हणून मी एका रविवारी मालधक्क्यावरची फीत घरी आणली. परसात त्यांनी आधीच खड्डा खणून इंद्रायणीची वाळू भरून ठेवली होती. आईचे म्हणणे होते की मांजरांची सोय झाली. मी चुन्याची रेघ ओढायला गेलो तर म्हणाले, "रेघ नको. कुठूनही उडतो, खुणेपासून मोजा." धावले, उडाले, वाळूत पडले. मी उडतानाच्या अंगठ्याच्या खुणेपासून वाळूतल्या टाचेच्या खुणेपर्यंत फीत धरली. वीस फूट अकरा इंच. सराव नाही, वय एकोणचाळीस, आणि मागे भेंडीचे वाफे असल्यामुळे धावायला पुरेशी जागाही नाही. त्यानंतर मी त्यांच्या बोलण्यावर शंका घेतली नाही.

ऑफिसात त्यांची वेगळीच तऱ्हा. दर सोमवारी कामावर येताच पार्सलच्या काट्यावर स्वतः उभे राहायचे आणि वजन मोठ्याने सांगायचे. हमाल ते ऐकून आपापसांत पैज लावीत. खिशात कायम शेंगदाण्यांची गुडदाणी. फलाटावर उतरणाऱ्या माणसांचे चेहरे ते पाहत नसत, पाय पाहत. "तो बघा, पिवळ्या पागोट्याचा. डाव्या पायाने उतरला. डावखुऱ्या पायाचा उडीवाला, वाया गेला बिचारा." पिवळे पागोटे म्हणजे कामशेतचे एक पोट सुटलेले तांदळाचे व्यापारी होते.

लग्नासाठी ते वडगावला मुलगी पाहायला गेले होते, तेव्हा सोबत मी होतो. दारात मुलीचे वडील "या, या" म्हणत उभे. यांना तिथेही सराव सुचला. उंबऱ्यावर पाय ठेवायचा म्हणून उजवा पाय उचलला आणि तो तसाच अधांतरी राहिला. खाली जाईना की पुढे जाईना. मुलीच्या वडिलांनी घाबरून त्यांना दंडाला धरून आत घेतले. पोहे झाले. निघताना त्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, "फिट्स येतात का हो यांना?" जमले नाही. परतीच्या गाडीत ते म्हणाले, "मुलगी चांगली होती. पण उंबरा सहा इंचांचा होता."

आता आमच्या घरचा उंबरा. ठरले होते असे की आईने तो धुऊन रांगोळी घालायच्या आधी यांनी आपले काम उरकायचे. रोज सकाळी ते अंगणात वीस-पंचवीस पावले मागे जायचे, धावत यायचे, आणि दारापाशी आले की उंबरा ओलांडून थेट ओटीत. परत मागे, परत तेच. चालत येऊन पाय ठेवायला गेले तर तो वडगावासारखा अधांतरी. आई हातात पाण्याची कळशी घेऊन दाराआड उभी असे. पहिले काही दिवस ती डोळे मिटून घ्यायची. मग एक डोळा उघडा ठेवू लागली. महिनाभराने तर ती कळशी खाली ठेवून पाहत बसायची.

"का वो भाऊ," एकदा म्हणाली, "आठ आनं मोजून देताय, मंग पाय कुटं गहान ठिवलाय?"

"पडेल, मावशी. आज ना उद्या पडेलच." त्यांच्या आवाजात कसलीही शंका नसे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आठ आणेही न चुकता वेगळे काढून द्यायचे.

असे वर्ष गेले. मग उस्मान आला.

उस्मान रेल्वेत गँगमन होता, कामशेत ते मळवली या टप्प्यावर. वय चोवीस-पंचवीस, बायको आणि आई कामशेतला. यांनी त्याला गाडीच्या खिडकीतून पाहिले. बाकीचे गँगमन ओढ्यावरच्या मोरीवरून वळसा घालून येत होते आणि हा खांद्यावर फावडे टाकून ओढा उडी मारून ओलांडत होता. त्यांनी पुढच्या स्टेशनात उतरून, रुळांच्या कडेने चालत मागे जाऊन, आधी ओढ्याची रुंदी मोजली आणि मग माणसाचे नाव विचारले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मालक, अठरा फूट. फावड्यासकट."

वेळ नेमकी होती. येत्या फेब्रुवारीत रेल्वेच्या लोणावळ्याच्या मैदानावर निवडीची स्पर्धा ठरली होती. त्यातला पहिला येणारा त्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेला बोटीने जाणार होता जिथे हे एकदा जाऊन आले होते. आपण पुन्हा जाणार नाही हे त्यांना माहीत होते. पण त्या फळीवर मावळातला पाय पडलाच पाहिजे, यापलीकडे त्यांना आयुष्यात काही नको होते. हे त्यांनी मला स्पष्ट सांगितले, आणि असे काही ते एरवी बोलत नसत.

उस्मान सुटी झाली की गाडीने येऊ लागला. परसातल्या वाळूत तो बावीस फूट सहज जायचा. पण खड्ड्यापुढे चुन्याचा पट्टा आखला की त्याचा पाय वीतभर मागे पडे. यांनी ते पाहिले आणि डोक्याला हात लावला.

"साहेब, पळताना ठरवतो बगा, आता द्यायाचाच. पर ऐन येळंला पाय आपसूक आखडतोय."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तो उंबरा आहे ना. चल, उंबऱ्यावरच सराव करू."

म्हणून रोज सकाळच्या ऐवजी आठवड्यातून तीनदा संध्याकाळी, आमच्या दारातून एकाच्या जागी दोघे जण धावत आत येऊ लागले. दोघेही उंबरा ओलांडूनच. माझ्या मुलांना ते फार आवडे.

आईने उस्मानला पहिल्याच दिवशी ताक दिले आणि चौकशी केली. "तुज्या आईला ठावं हाय का, हितं कशापायी येतोस ते?"

"न्हाई मावशी. कळलं तर घरात घ्यायाची न्हाई."

"म्हंजी तुमच्यातबी पाय देत न्हाईत?"

"उंबऱ्यावर? छ्या. ल्हानपणी एकदा दिलता, तर आजीनं लाटणं घातलंतं घोट्यावर. अजून खूण हाय."

त्याने खूण दाखवली. आई समाधानाने म्हणाली, "शानी बाई हुती."

"मावशी, तुम्ही माझ्या बाजूने बोला जरा," हे कळवळून म्हणाले.

"मी उंबऱ्याच्या बाजूनं हाय."

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर गर्दी होती. पुण्यामुंबईचे पंच आले होते. फीत धरून आकडा पुकारायला विश्वासाचा माणूस हवा, म्हणून मालधक्क्यावरून मला घेतले होते. उडीला नऊ जण. त्यांत पुण्याच्या कॉलेजातला एक उंच मुलगा होता, विलायती बूट, दोन मित्र टॉवेल धरायला. त्याने पहिल्याच उडीला बावीस फूट पाच इंच घातले, पाय फळीच्या बरोब्बर मध्यावर. उस्मान अनवाणी. पहिली उडी एकवीस फूट दहा इंच. दुसरी एकवीस फूट अकरा. तिसरी पुन्हा अकरा. तिन्ही वेळा मी फळीमागची त्याची खूण पाहिली, एक फूट, सव्वा फूट. खुणेपासून धरले असते तर तो पुढे होता. पण फीत खुणेपासून लागत नाही, आणि मी आकडा वाढवून पुकारणारा माणूस नाही.

हे कडेला उभे होते. एका शब्दाने ओरडले नाहीत.  तिसऱ्या उडीनंतर ते उस्मानजवळ गेले आणि म्हणाले, "उंबऱ्याचा विचार करू नकोस." उस्मानने मान हलवली. दोघांनाही कळत होते की हे सांगून उपयोग नाही.

पुढच्या तीन उड्यांआधी थोडी विश्रांती होती. तेवढ्यात आई आली. हे सकाळी काही न खाताच निघून गेले, म्हणून ती भाकरीचे फडके घेऊन एवढे चालत आली होती. यांच्या हातात फडके देऊन तिने मैदानाकडे पाहिले आणि विचारले, "आन् तो तुमचा उंबरा कुटं हाय?"

यांनी बोट दाखवले.  तोपर्यंत तिने फळी कधी पाहिलीच नव्हती. आमच्या परसात चुन्याचा पट्टा होता, आणि दारात उंबरा.

"ह्यो?"

"हो, मावशी."

ती लुगडे सावरून धावपट्टीवर चालू लागली. एक पंच म्हणाला, "अहो बाई, बाजूला व्हा." तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. फळीपाशी जाऊन ती वाकली, फळी बोटांनी चाचपली. मग दोन्ही पाय तिच्यावर ठेवून सरळ उभी राहिली. आमची आई. मी फितीचे टोक हातात धरून पाहत होतो.

"उस्मान, इकडं ये," ती म्हणाली. तो आला. मागोमाग हेही आले.

"हिच्या आत घर कुटं हाय?"

उस्मान म्हणाला, "घर न्हाई. वाळू हाय."

"दार कुटं हाय? चौकट? हितनं कुनाची लक्ष्मी आत येती? ह्यो उंबरा न्हाई बाबा, ही फळी हाय. धोब्याच्या घाटावर असती तशी. पाय द्यायालाच ठिवलीया." मग ती यांच्याकडे वळली. "आन् तुमी वो भाऊ. शिकलेली मानसं तुमी. तुमीच हिला उंबरा उंबरा म्हनून बसला, मंग पाय कसा पडंल? चांगला हाय तुमचा पाय. त्याला कळतंय कुटं पडायचं न्हाई ते."

 हे हातातले फडके तसेच धरून उभे होते.

"दे पाय," आई उस्मानला म्हणाली आणि स्वतः अर्धी फळी सोडून सरकली. उस्मानने तिच्या शेजारी पाय ठेवला. उजवा. मग डावा. तो हसला. पंच म्हणाला, "आता झालं असेल तर," तशी आई खाली उतरली आणि माझ्यामागे येऊन उभी राहिली.

चौथी उडी बाद झाली. पाय फळीवर पडला, पण अंगठा दोन बोटे पुढे गेला. पंचाने लाल निशाण वर केले, आणि मैदानात एकच माणूस टाळ्या वाजवू लागला. लोक वळून पाहू लागले की बाद उडीला हा कोण टाळ्या वाजवतो आहे.

पाचव्या उडीला पाय फळीवर पडलेला मी कानांनी ऐकला. लाकडाचा तो आवाज वेगळाच असतो. मी फीत धरली, दोनदा पाहिली आणि पुकारली. बावीस फूट नऊ इंच. सहाव्या उडीला कॉलेजातला मुलगा बावीस सातपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

संध्याकाळी माणसे पांगली. मी फीत गुंडाळत होतो. हे धोतर खोचून धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभे होते.  ते धावत आले, फळीवर पाय दिला, अख्खा तळवा, आणि वाळूत पडले. मी सवयीने फीत लावली. आकडा चांगला नव्हता, दिवसभराच्या उपाशी माणसाचा होता. त्यांनी तो विचारला नाही. उठून कपड्यांची वाळूही झाडली नाही. फळीपाशी आले, आपल्या पायाची खूण पाहिली आणि म्हणाले, "मालक, भाकरी कुठाय?"

उस्मान बोटीने गेला आणि आला. तो तिथे चौथा आला. लोणावळ्याला गाडीतून उतरला तेव्हा हे फलाटावर होते. कितवा आलास, हे त्यांनी विचारले नाही. ते त्यांना तारेने कळले होते.

"फळीवर?"

"समद्या येळी, साहेब. एक बाद झाली. पर फळीवरनं."

राहिला आठ आण्यांचा हिशोब. स्पर्धेनंतरच्या पहिल्या तारखेला त्यांनी नेहमीप्रमाणे साडेसात रुपये काढले. आईने आठ आणे परत केले आणि मला म्हणाली की आजवरचेही सगळे परत दे. सोळा महिन्यांचे आठ रुपये होत होते. मी म्हणालो, मोकळीक दिली होती, वापरली नाही हा त्यांचा प्रश्न. आई म्हणाली, "उंबऱ्यावर एकदाबी पाय पडला न्हाई. भाडं कशाचं घेतलंस?" मी आठ रुपये मोजून काढले. पण ते पैसे घेईनात. "सराव तर केला ना, मावशी," म्हणाले. आई ठेवून घेईना. आठ रुपये दोन दिवस देवळीत पडून होते.

शेवटी उस्मान बोटीने जाण्याआधी त्या पैशांचा निकाल लावला. चार रुपये बारा आणे बाजारातल्या मोच्याला, उस्मानच्या खिळ्यांच्या बुटांचे. उरलेले तीन रुपये चार आणे सुताराला, चार फूट लांब, आठ इंच रुंद सागवानी फळी, आमच्या परसात वाळूच्या खड्ड्यापुढे पुरून. रोज सकाळी आई उंबरा धुते, त्यावर हळदकुंकू वाहते आणि मागे भेंडीला पाणी घालायला जाते. जाताना त्या फळीवर पाय देऊन जाते.